ऊन ठेवायचं कुठे?

लाखभर रुपये खर्चून गच्चीवर सौर पॅनेल बसवलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो बहुधा भर दुपारी. लख्ख ऊन पडलेलं असतं, पॅनेलं तापलेली असतात आणि गल्लीतली लाईट जाते. शेजारचे पंखे थांबतात, त्यांच्याबरोबर याच्या घरचेही थांबतात. वीज आपल्या डोक्यावर तयार होतेय, मग आपले पंखे का थांबले, हे विचारायला तो एजंटला फोन करतो. तिकडून थंडपणे उत्तर येतं, "साहेब, तुमचं ऑन-ग्रिड आहे ना!"

एजंटचं म्हणणं बरोबर असतं, फक्त ते त्याने पैसे घेण्याआधी सांगायला हवं होतं. पॅनेलमधून येते ती डीसी वीज. ती घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर महावितरणच्या तारेतला ५० हर्ट्झचा ठेका धरून चालतो. तो ठेका थांबला की काही क्षणांतच इन्व्हर्टरने स्वतःला तारेपासून तोडून घ्यायचं, असं बंधनच आहे. दुरुस्तीला खांबावर चढलेला वायरमन लाईन बंद आहे असं धरून तारेला हात लावतो. कुणाच्या तरी गच्चीवरून त्याच तारेत वीज शिरत राहिली तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून भर उन्हातही पॅनेल गप्प बसतं.

अक्षय ऊर्जेबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं ते सगळं निर्मितीबद्दल असतं: ऊन भरपूर आहे, वारा फुकट आहे, शेण गोठ्यात पडलेलं आहे. ते खरंच आहे. अडचण वेगळी आहे. घर जागं असतं सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सात ते अकरा. सूर्य जोरात असतो अकरा ते तीन, आणि तेव्हा निम्म्या घरांना कुलूप असतं. मधल्या तासांत ही ऊर्जा ठेवायची कुठे, याचं उत्तर ज्या साधनाकडे आहे ते घरात टिकतं. ज्याच्याकडे नाही ते माळ्यावर जातं.

माळ्यावर गेलेल्यांत मानाचं स्थान पेटीच्या सौरचुलीचं. १९८० च्या दशकात सरकारने अनुदान देऊन त्या घरोघरी पोचवल्या. काळ्या डब्यांत वरणभात शिजायचा, उत्तम शिजायचा, पण दोन-तीन तास घ्यायचा आणि दुपारीच शिजायचा. ज्या घरात डबा सकाळी साडेसातला भरायचा असतो तिथे त्या चुलीने करायचं काय? शेंगदाणे भाजण्यापुरती ती उरली आणि मग तीही हौस संपली. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर मात्र २००९ साली बसवलेल्या ७३ तबकड्या उन्हातून वाफ करतात आणि त्या वाफेवर हजारोंचं जेवण होतं. तिथे जमलं, कारण पंगती दुपारीही उठतात.

साठवणीचं कोडं सगळ्यात साधेपणाने सोडवलं ते सौर बंबाने. (पुण्यात त्याला नुसतं 'सोलर' म्हणतात, 'सोलरचं पाणी आलं का?' हा तिथला सकाळचा प्रश्न आहे.) १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ४ युनिट वीज लागते. तेवढंच काम उन्हाकडून करून घ्यायला गच्चीवर दोन चौरस मीटर जागा पुरते. हीच ४ युनिटं पॅनेलने बनवायची म्हटली तर एक किलोवॉटचा संच लागतो आणि मोकळी जागा धरून त्याला ८० ते १०० चौरस फूट द्यावे लागतात, म्हणजे सौर बंबाच्या चौपट. कारण उघड आहे. चांगलं पॅनेल अंगावर पडलेल्या उन्हातलं पाचव्या हिश्श्याच्या आसपास विजेत बदलतं, तर काळी नळी निम्म्याहून जास्त ऊन उष्णतेत पकडते. शिवाय त्यात हलणारा भाग नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वरच्या टाकीत चढतं, गार पाणी खाली येतं. पंप नाही, वीज नाही. टाकीभोवती जाड आवरण असतं, त्यामुळे दुपारी चारला तापलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आंघोळीजोगं राहतं. साठवणीची किंमत म्हणाल तर एक टाकी.

तोटेही त्याच टाकीतून आणि नळीतून निघतात. बोअरचं पाणी जड असेल तर क्षार धरतात आणि दोन-तीन वर्षांत पाणी कोमट येऊ लागतं. मराठवाड्यात हा नेहमीचा अनुभव. काचेच्या नळ्यांना गारपिटीची भीती असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यात जी गारपीट झाली तशी पुन्हा झाली तर नळ्या शाबूत राहतील याची हमी कुणी देणार नाही. आणि इमारत उंच असेल तर गच्चीवरचं गरम पाणी दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत नळीतलं गार पाणी आधी सोडून द्यावं लागतं. कुणी बादलीत धरून ठेवतं, बहुतेक जण मोरीत सोडतात. वीज वाचते आणि पाणी जातं. तरीही घरच्या गच्चीवर कमी जागेत, कमी पैशांत, कुणाच्याही परवानगीशिवाय सगळ्यात जास्त परतावा देणारी वस्तू हीच आहे, असं माझं मत आहे. पुणे महापालिका सौर बंब, पावसाच्या पाण्याचं संकलन, गांडूळखत अशा सोयी चालू ठेवणाऱ्या घरांना मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते, ती शहाणपणाची सवलत आहे. आपल्याकडे चर्चा मात्र पॅनेलचीच होते, कारण बंबामुळे बिल शून्यावर येत नाही आणि त्याचा फोटोही चांगला येत नाही.

गोबरगॅसची साठवण त्याच्या घुमटात. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या वसतिस्थानात १८९७ साली मैल्यापासून गॅस काढून दिवे लावल्याची नोंद आहे, म्हणजे हे तंत्र आपल्याकडे विजेच्या दिव्याइतकंच जुनं. पुढे खादी ग्रामोद्योगाने तरंगत्या टोपीचा संच गावोगाव नेला, १९८० च्या दशकात त्याहून स्वस्त, पक्क्या घुमटाचा 'दीनबंधू' आला. दोन घनमीटरच्या संचाला रोज ५० किलो शेण लागतं, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरं हवीत. तेवढं असलं की पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. महिन्याचा गॅस घरगुती सिलिंडरच्या भाषेत पावणेदोन-दोन सिलिंडर भरतो. शिवाय मागे उरते ती स्लरी, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने बऱ्याचदा तीच मुख्य कमाई असते.

मग इतके संच बंद का पडले? जनावरं कमी झाली. ट्रॅक्टर आला, वाटण्या झाल्या, दावणीला एक म्हैस उरली. थंडीत जिवाणू सुस्तावतात, गॅस कमी येतो. आणि रोज शेण कालवून टाकीत ढकलायचं काम घरातल्या बाईच्याच वाट्याला येतं. तिला जेव्हा सिलिंडर परवडू लागला तेव्हा तिने तो घेतला. यात तिला दोष देण्याजोगं काही नाही. पुण्यातल्या डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेने शेणाऐवजी खरकटं, पीठ, शिळं अन्न यांवर चालणारा छोटा संच तयार केला आणि २००६ साली त्याला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. कल्पना फार सुंदर. बंगल्याला, वाड्याला, छोट्या खाणावळीला तो जमतो. पण त्याचं पोट रोज एकसारखं भरावं लागतं. सुट्टीला आठ दिवस गावी गेलात की परत आल्यावर आधी त्याला रुळावर आणावं लागतं.

आता पॅनेल. त्याची साठवण कुठे? ती आपल्या घरात नाहीच, महावितरणच्या तारेत आहे. दुपारी घराला लागते त्याहून जास्त वीज तयार झाली की ती नेट मीटरमधून बाहेर जाते आणि शेजाऱ्याच्या फ्रिजला पुरते. रात्री आपण तितकीच परत घेतो. हे पासबुकासारखं आहे: जमा, खर्च, शिल्लक, फक्त ही पतपेढी व्याज देत नाही आणि ३१ मार्चला उरलेली शिल्लक बिलातल्या दरापेक्षा बऱ्याच कमी भावाने स्वतःकडे वळती करून घेते. म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसवण्यात शहाणपण नाही, एजंट काहीही म्हणो. बिल अगदी शून्यही होत नाही, कारण स्थिर आकार भरावाच लागतो.

यातला फायदा कुणाला किती, हे छपरापेक्षा जुन्या बिलावरून लवकर कळतं. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात वहन आकार धरून पहिल्या १०० युनिटांना ५ रुपये ८८ पैसे दर होता, १०१ ते ३०० युनिटांना ११ रुपये ४६ पैसे, आणि ३०१ ते ५०० ला १५ रुपये ७२ पैसे. वर १६ टक्के वीज शुल्क. दर बदलत राहतात, पायऱ्यांची रचना तीच राहिली आहे. महिन्याला ३०० युनिटं जाळणाऱ्या घराचं या दराने साधारण ३,३०० रुपयांचं बिल वाचतं, वर्षाचे ४० हजार. त्या घराला तीन किलोवॉटचा संच पुरतो. तो पावणेदोन ते दोन लाखांत बसतो आणि २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेतून त्याला कमाल ७८ हजारांचं अनुदान मिळतं: पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार. खिशातून गेलेले लाख-सव्वा लाख तीनेक वर्षांत वसूल होतात, आणि पॅनेलं २५ वर्षं टिकतात. बँकेत असा परतावा कुठे मिळत नाही.

आता ८० युनिटं जाळणारं घर घ्या. दोन पंखे, चार दिवे, टीव्ही, छोटा फ्रिज. त्याची वाचणारी रक्कम वर्षाला साडेसहा हजारांच्या आसपास. एक किलोवॉटच्या संचाचे अनुदान वजा जाता ३०-४५ हजार रुपये वसूल व्हायला पाच ते सात वर्षं लागतात, आणि मुळात ते ३०-४५ हजार त्या घरात एकरकमी नसतात. छपरावर पत्रा असतो, घर भाड्याचं असतं. म्हणजे ज्याचं बिल मोठं, गच्ची पक्की आणि हातात पैसा, त्याला अनुदानही मोठं आणि वसुलीही लवकर. हे खटकणारं आहे आणि ते सरकारच्याही लक्षात आलेलं दिसतं. दारिद्र्यरेषेखालच्या आणि १०० युनिटांच्या आतल्या ग्राहकांसाठी केंद्राच्या अनुदानावर राज्याची भर घालणारी वेगळी योजना २०२५ मध्ये महाराष्ट्राने आणली.

गच्चीवरच्या गोष्टी पत्रकात एका ओळीत असतात आणि प्रत्यक्षात वर्षभर पुरतात. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, साधारण आपल्या अक्षांशाएवढं कललेलं हवं: कोल्हापुरात १६-१७ अंश, नागपुरात २१. सावली हा त्याचा मोठा शत्रू. पॅनेलं माळेसारखी एकामागे एक जोडलेली असतात, त्यामुळे पाण्याच्या टाकीची किंवा जिन्याच्या खोलीची सावली एकावर पडली तरी सगळ्या माळेचं उत्पादन खाली येतं. आज सावली नाही म्हणून निश्चिंत राहावं तर तीन वर्षांनी शेजारी मजला चढवतो.

उन्हाबद्दलही एक गैरसमज आहे. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. त्याची क्षमता मोजतात ती २५ अंश तापमानाला. त्यापुढे दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. विदर्भातल्या मे महिन्यात पॅनेलचा पृष्ठभाग ६०-६५ अंशांवर जातो, तेव्हा बारा-चौदा टक्के तिथेच गळतात. मग जून येतो. वर्षाची सरासरी काढली तर एक किलोवॉटमागे दिवसाला ४ युनिटं पडतात, पण जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात आणि घाटमाथ्यावर त्याच्या निम्मीही पडणार नाहीत असे आठवडेच्या आठवडे जातात. बरं एवढंच की आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे उन्हाळ्यातली शिल्लक पावसाळ्यात खर्ची घालता येते. अर्थात उन्हाळाभर एसी चालला नाही तर.

स्लॅबला भोकं पाडून सांगाडा बसवला की पहिल्या पावसात खालच्या खोलीत ओल येते, ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. भोकं न पाडता सिमेंटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा करता येतो, पण किनारपट्टीवर त्याचं वजन नीट मोजावं लागतं. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा पत्रे आणि कौलं कुठून कुठे गेली हे तिथल्या लोकांना सांगायला नको. कोकणात वानरं पॅनेलवर बसतात, उड्या मारतात, तारा ओढतात. यावर छापील उपाय नाही. उंच सांगाडा केला तर गच्ची वापरायला मोकळी राहते, असं सांगतात. राहते, पण तिथे आता सावली असते, आणि कुरडया सावलीत वाळत नाहीत.

सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरलं. गावाला हे जमू शकतं, कारण तिथे एका घरावर एक छप्पर असतं. बारा मजल्यांच्या, ४८ फ्लॅटच्या सोसायटीत ४८ घरांवर एकच गच्ची असते आणि तिच्यावर टाक्या, लिफ्टची खोली, डिशच्या तबकड्या आधीच बसलेल्या असतात. उरलेल्या जागेत लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे चालतील एवढी वीज होते. तेवढंही थोडं नाही. सामाईक मीटरचं बिल मोठं असतं आणि सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजारांचं अनुदान आहे. पण आपल्या फ्लॅटचं बिल कमी होईल या आशेने सभेत हात वर करणाऱ्यांची निराशा होते. शेवटच्या मजल्यावरचे लोक गळतीचा मुद्दा काढतात आणि विषय पुढच्या सभेवर जातो.

वाऱ्याबद्दल थोडक्यात. वनकुसवडेच्या पठारावर किंवा धुळ्याकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या फिरताना पाहून घरावर एक छोटी बसवावी असं वाटणं साहजिक आहे. वाटू द्यावं, बसवू नये. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने बदलते; वेग निम्मा झाला की शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. वस्तीत, झाडा-इमारतींच्या आडोशाला वारा मंद असतो आणि भोवरे घेत येतो. गच्चीवरची पवनचक्की फिरताना छान दिसते, मीटर फारसा हलवत नाही.

मग साठवण घरातच का करू नये? बॅटरी घेता येते, आणि हायब्रीड इन्व्हर्टर बसवला तर लाईट गेल्यावरही सौर वीज वापरता येते. शिशाची ट्यूब्युलर बॅटरी चार-पाच वर्षांत बदलावी लागते, मध्ये मध्ये पाणी घालावं लागतं. लिथियमची दहाएक वर्षं जाते, पण तिची किंमत ऐकून बहुतेक लोक पुन्हा ऑन-ग्रिडकडे वळतात. जिथे रोज तीन-चार तास लाईट नसते अशा गावात किंवा घरी ऑक्सिजन यंत्रावर कुणी असेल तर बॅटरीचा खर्च करावाच. शहरात, वर्षातून मोजक्या वेळा लाईट जाते तिथे, त्या पैशांत परतावा नाही, फक्त समाधान आहे. तेही काहींना हवं असतं.

पर्यावरणाचं पारडं बरंच जड आहे. पॅनेल बनवायला लागलेली ऊर्जा ते एक-दोन वर्षांत परत करतं. आपल्या ग्रिडमधलं एक युनिट बनताना साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. या हिशेबाने तीन किलोवॉटचा संच वर्षाला पावणेतीन-तीन टन वाचवतो. पंचवीस वर्षांनी या काचा, ॲल्युमिनियम आणि शिशाचे डाग यांचं करायचं काय, हा प्रश्न मात्र उरतो. २०२२ च्या ई-कचरा नियमांत पॅनेलं घेतली आहेत, तरी उत्पादकांनी तो कचरा २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवावा एवढ्यावरच तूर्त भागवलं आहे. साठवणीचा प्रश्न इथेही सुटत नाही.

आणि शेवटी, ज्या तारेत आपण आपली दुपार ठेवतो ती तार दुसऱ्याची आहे. शेतीचे सौर प्रकल्प, मोठे सौर प्रकल्प, गच्च्या यांच्यामुळे दुपारी विजेची चणचण उरत नाही. टंचाई संध्याकाळी सातला असते. वीज कंपनीच्या दृष्टीने दुपारी दिलेलं युनिट आणि रात्री घेतलेलं युनिट सारखं नाही, आणि तिचं म्हणणं चूक म्हणता येत नाही. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सुरू होणारी सवलत दिली गेली, ती यामुळेच. उद्या नेट मीटरचा नियमही याच दिशेने सरकला तर तीन वर्षांतली वसुली पाच-सहा वर्षांवर जाऊ शकते. संच तरीही परवडेल. पण ज्याने टाकी भरायचा पंप, कपड्यांचं मशीन आणि इस्त्री सकाळी अकरा ते दुपारी तीनमध्ये नेली असेल त्याला तो फरक कमी जाणवेल. आजच्या घडीला या बदलाला खर्च येतो तो पंपावरच्या टायमरचा, आणि पॅनेल नसलेलं घरही तो करू शकतं.